पाचवी आज्ञा

देवाची पाचवी आज्ञा कोणती, या प्रश्नाला आमच्या घरात दोन उत्तरं होती आणि दोन्ही बरोबर होती. वसईची आजी, म्हणजे आईची आई, सांगायची, "खून करू नकोस." नगरचे आजोबा, वडिलांचे वडील, सांगायचे, "आईबापांचा मान राख." उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्धा भाग आम्ही गासला आजीकडे काढायचो आणि उरलेला नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला. दोन्हीकडे संध्याकाळी आज्ञा म्हणून दाखवाव्या लागत. खून आजीकडे पाचवा आणि आजोबांकडे सहावा, एवढं ध्यानात ठेवलं की दोघांचीही शाबासकी मिळे.

मोठेपणी कळलं की बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात या आज्ञांना आकडे घातलेलेच नाहीत. आकडे मागाहून माणसांनी घातले. संत ऑगस्टीनच्या मोजणीत मूर्ती न करण्याची आज्ञा पहिल्या आज्ञेच्याच पोटात येते आणि शेवटी लोभाविषयीच्या दोन वेगळ्या आज्ञा होतात. कॅथलिकांनी ही मोजणी धरली. स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारकांनी मूर्तीची आज्ञा वेगळी काढून दुसऱ्या क्रमांकावर बसवली, तेव्हा पुढच्या आज्ञा एकेक घर खाली सरकल्या. माझ्या प्रोटेस्टंट आजोबांची मोजणी हीच. मार्टिन लूथरने मात्र जुनीच मोजणी ठेवली. त्यामुळे जर्मनीतला लूथरन मुलगा पाचवी आज्ञा माझ्या कॅथलिक आजीसारखीच म्हणतो.

ती दुसऱ्या क्रमांकाची आज्ञा दोन्ही घरांच्या भिंतींवर दिसायची. आजीच्या घरी लाकडी अल्तार होता. त्यावर मारिया, संत अंतोनी आणि आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया. पुढे रोज मेणबत्ती आणि वाडीतल्या मोगऱ्याचा गजरा. आजोबांची भिंत पांढरी, चुन्याने सारवलेली. एका खिळ्याला कॅलेंडर, दुसऱ्या खिळ्याला मोठ्या अक्षरात लिहून काचेत बसवलेलं वचन. क्रूसदेखील नाही. लग्नाची बोलणी चालू असताना आजोबा पहिल्यांदा गासला आले, तेव्हा अल्तारासमोर न थांबता थेट मागच्या वाडीत केळी बघायला गेले, असं आई सांगते. आजीनेही ते पाहिलं, पण त्या दिवशी ती काही बोलली नाही.

आजीच्या गोष्टींत तारखा नसत. "फिरंगी आले तेव्हा" आणि "पेशव्यांनी किल्ला घेतला तेव्हा" एवढीच तिची कालगणना. घरात ती कादोडी बोले, आमच्याशी बोलताना मात्र शाळेतल्यासारखं मराठी. तिच्या गोष्टींना साल लावायचं काम मी पुढे केलं आणि ते करताना एका सालापाशी थबकले. गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली ती १५३४ मध्ये. त्याच साली लूथरचं संपूर्ण जर्मन बायबल छापून झालं. त्याच साली पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर इग्नेशियस लोयोला आणि त्याच्या सोबत्यांनी शपथ घेतली आणि त्यातून पुढे येशूसंघ, म्हणजे जेझुइटांचा संघ, उभा राहिला. युरोपातली मंडळी दुभंगत होती आणि नेमक्या त्याच वेळी त्यातली एक बाजू गलबतातून आमच्या किनाऱ्याला लागली. फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, देवळं बांधली. गासच्या केळीवाल्याने लूथर हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं. दोन पंथ समोर ठेवून "यातला कोणता घेता?" असं त्याला कोणी विचारलेलं नाही.

धर्मांतर कसं झालं याची आजीची गोष्ट वसईत घरोघरी सांगतात तीच: फिरंग्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, गाव ते पाणी प्यायलं आणि बाटलं. इतिहास एवढा सोपा नाही. जमिनी आणि सवलती होत्या, मोडलेली हिंदू देवळं होती, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं आणि त्याचा हात वसईपर्यंत पोचत होता. मनापासून विश्वास धरलेली माणसंही होती, हेही तितकंच खरं. पण आजीची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात बाटवणारे परके असले तरी "तुम्ही आता आमचे नाही" म्हणणारे शेजारी आहेत. आजी ती राग न धरता सांगायची. आपण मूळचे सामवेदी ब्राह्मण, हे मात्र तेवढ्याच ठामपणे सांगायची. चारशे वर्षं मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकूनही ती आठवण पुसली गेली नव्हती.

तिचा सगळ्यात लाडका माणूस गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई वसईची. जपानला गेला, व्यापार केला, फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ साली रोमने त्याला संत म्हणून जाहीर केलं. आजी त्याच्याशी घरातल्या कर्त्या मुलाशी बोलावं तसं बोलायची. पाऊस लांबला की त्याला सांगायची, मामाची नोकरी लागेना तेव्हाही त्यालाच सांगितलं. आजोबांच्या दृष्टीने ही प्रार्थना वाट चुकलेली होती, कारण देव आणि माणूस यांच्यामध्ये ख्रिस्त एकटा मध्यस्थ. आजी म्हणायची, "मी त्याची पूजा करत नाही. माझ्यासाठी प्रार्थना कर, एवढंच सांगते. तुम्ही नाही का पाळकसाहेबांना सांगत?" यावर आजोबा म्हणायचे, "पाळकसाहेब जिवंत आहेत." दोन पंथांमधला एक मोठा प्रश्न त्या दोघांनी असा ओटीवर बसून मांडला होता: मेलेला माणूस आपल्याला ऐकतो का? या प्रश्नाकडे पुढे परत यावं लागणार आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. देवळांतल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी नेल्या आणि त्या हिंदू देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आजही त्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया कोरलेली आहे. पोर्तुगीज पाद्री बहुतेक निघून गेले. त्या काळाविषयी आजी सांगायची ती गोष्ट बायकांची होती. मिस्सा म्हणायला फादर नाही, मग संध्याकाळी गावच्या क्रुसापाशी बायका जमायच्या, गुडघे टेकून जपमाळ म्हणायच्या आणि लादाईन, म्हणजे स्तवनमाला, गायच्या. पुस्तक कोणाकडे नव्हतं, असतं तरी वाचता कोणाला येत होतं? मणी मोजत मोजत त्यांनी विश्वास पुढच्या पिढीच्या हातात दिला. कॅथलिक परंपरा म्हणजे नुसती रूढी, असं म्हणणाऱ्यांना मला त्या बायका दाखवाव्याशा वाटतात.

आजोबांच्या गोष्टींत मात्र साल, महिना आणि शक्य असेल तर वारही असे. ते मिशन शाळेतले मास्तर. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, १८३१ मध्ये नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाला, हे त्यांना तोंडपाठ. सिंथिया फरार बाईंच्या नगरच्या मुलींच्या शाळेचं नाव ते विशेष आदराने घ्यायचे. ती शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांनी पुण्याला मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं होतं.

त्यांचे वडील १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरके झाले आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. घराणं महारवाड्यातलं. पणजोबांची बायको, माझी पणजी, मिशनमध्ये लिहायला-वाचायला शिकली आणि 'बायबल बाई' झाली. काखेत पुस्तक घेऊन ती गावोगाव हिंडे आणि बायकांना वाचून दाखवी. आजोबा सांगत, की एका गावात तिला पाटलाच्या वाड्यात पायरीच्या वर येऊ देत नसत. ती पायरीखाली उभी राहून वाचायची आणि आतल्या बायका दाराआडून ऐकायच्या. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांच्यातली एक बाई उभं राहून पुस्तक वाचते आणि वरच्या लोकांना ते ऐकावं लागतं, हे त्या काळी केवढं होतं! 'केवळ शास्त्र' हे लूथरच्या बाजूचं तत्त्व धर्मशास्त्राच्या पुस्तकांत फार कोरडं वाटतं. आमच्या पणजीच्या काखेत ते कसं होतं हे कळल्यावर मला ते तसं वाटेनासं झालं. आजोबांच्या घरात मूर्ती नव्हती याचं कारणही मला तिथेच सापडतं. मूर्तींच्या गाभाऱ्यांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलं होतं. पुस्तकाने आत घेतलं.

गाण्यानेही आत घेतलं. कवी नारायण वामन टिळकांचा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि नगरच्या मंडळीला मराठी अंगाची भजनं मिळाली. पणजोबांनी टिळकांचं कीर्तन ऐकलं होतं. पेटी, टाळ आणि अभंगाची चाल. आजोबा 'उपासना संगीत' हे भजनांचं पुस्तक उघडायचे ते नुसतं समोर धरायला, शब्द सगळे पाठ. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्यांना ख्रिस्ताच्या नावाने एकत्र बसता यावं, असा तो विचार. आजोबांचा टिळकांवर फार जीव, तरी हा विचार त्यांना पुरता पटत नसे.

नगर जिल्ह्यात प्रोटेस्टंट म्हणजे एकच एक घर, असंही नव्हतं. अमेरिकन मिशनच्या शेजारी इंग्लंडच्या चर्चची मिशन आली, तिचे पाद्री झगे घालणारे. मग जर्मन जेझुइट आले आणि केंदळला त्यांचं ठाणं झालं. एकाच गावात एक भाऊ अमेरिकन मिशनमध्ये, दुसरा कॅथलिक, आणि शाळा किंवा औषध कुठे चांगलं मिळतं त्यावर कुटुंब इकडून तिकडे जायचं. आजोबा याविषयी बोलताना खिन्न होत. "लोक भुकेले होते आणि आम्ही त्यांना एकमेकांच्या पानातून उठवत होतो," असं ते म्हणाल्याचं वडील सांगतात.

माझे आईवडील मुंबईत भेटले. आई इस्पितळात नर्स, वडील रेल्वेत कारकून. लग्न ठरलं १९७१ च्या शेवटी आणि दोन्ही घरांत गहजब झाला. बाहेर बोलायला कारण होतं पंथाचं. आजीकडचे म्हणाले, "ते मारियेला मानत नाहीत." आजोबांकडचे म्हणाले, "ते मूर्तींपुढे गुडघे टेकतात." खरं कारण गासच्या स्वयंपाकघरात बोललं गेलं, दार लावून, आणि आईने ते ऐकलं. "लोक कोणते?" असं कोणीतरी विचारलं होतं. मुलगा महारवाड्यातल्या घराण्याचा, हे उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हे लिहिताना मला अजून त्रास होतो. लूथर आणि पोप यांच्यात जे अंतर होतं, त्यापेक्षा गास आणि वडाळा यांच्यातलं अंतर जुनं होतं आणि ते ख्रिस्ती धर्माने घातलेलं नव्हतं. ख्रिस्ती धर्माने ते पुसलंही नव्हतं, आणि यात दोन्ही मंडळ्यांचा वाटा सारखा आहे.

मार्ग निघाला तो गावच्या फादरमुळे. आधीच्या काळात असं लग्न फार अवघड. १९०८ च्या नियमाप्रमाणे कॅथलिक धर्मगुरूसमोर न झालेलं लग्न चर्च धरतच नसे, आणि कॅथलिक नसलेल्या जोडीदाराकडून मुलं कॅथलिक करू असं लेखी घेत. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली आणि १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी मिश्र विवाहांचे नियम बदलले. आता वचन द्यायचं ते कॅथलिक जोडीदाराने, तेही "माझ्याकडून होईल तेवढं करीन" एवढंच. दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना द्यायची. आजोबा सही करणार नाही असं ठरवूनच आले होते. त्यांच्याकडे किंवा वडिलांकडे कोणी सही मागितली नाही.

आजोबांची दुसरी भीती अधिक खोल होती. मुलाचा बाप्तिस्मा परत करतील, म्हणजे वडाळ्याच्या देवळात त्यांच्या डोळ्यांदेखत झालेला बाप्तिस्मा खोटा ठरवतील, असं त्यांना वाटत होतं. फादरनी फक्त दाखला मागितला. पाण्याने झाला होता ना, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला होता ना, मग पुन्हा करायचा प्रश्नच नाही. हा काही व्हॅटिकन परिषदेनंतरचा उदारपणा नव्हे. ज्या ट्रेंटच्या परिषदेने (१५४५ ते १५६३) लूथरची शिकवण नाकारली, तिनेच हेही ठरवलं होतं की अशा रीतीने आणि चर्चच्या हेतूने झालेला बाप्तिस्मा पाखंडी माणसाच्या हातून झाला तरी खरा. भांडण ऐन भरात असताना हे एक दार कोणी बंद केलं नाही. माझ्या मते दोन्ही पंथांतली सगळ्यात मोठी एकी या एका गोष्टीत आहे, आणि रविवारी चर्चला जाणाऱ्या कितीतरी लोकांना ती ठाऊक नाही. आजोबांनी दाखल्याचा कागद घडी घालून परत खिशात ठेवला आणि त्यानंतर लग्नाच्या विरोधात एक शब्द बोलले नाहीत.

लग्न गासच्या चर्चमध्ये लागलं. फादरनी मिस्सा न करता नुसता विवाहविधी केला. कारण मिस्सा झाली असती तर आजीकडची माणसं ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली भाकर, घ्यायला उठली असती आणि आजोबांकडची बाकावर बसून राहिली असती. नगरहून आलेल्या पाळकसाहेबांनी शेवटी प्रार्थना केली आणि दोन्हीकडच्या लोकांनी 'आमेन' म्हटलं.

त्या भाकरीपाशी मात्र वाट खरोखर वेगळी होते. आजीच्या तरुणपणी ख्रिस्तशरीर घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नसे. पुढे हा नियम सैल झाला, तरी ती शेवटपर्यंत उपाशीच जाई. भाकर जिभेवर घेतली की दात लागू द्यायची नाही. तिच्या लेखी ती भाकर उरलेलीच नसे, तो येशू असे. वडाळ्याला महिन्यातून एकदा प्रभुभोजन. आदल्या रात्री आत्या मनुका भिजत घालायची, सकाळी उकळून, कुस्करून, पंचाने गाळायची. रस बारीक काचेच्या पेल्यांत ओतताना एक थेंब सांडू द्यायची नाही. पावाच्या कडा कापून मधल्या भागाचे एकसारखे तुकडे करायची. उरलेल्या कडा आम्ही मुलं खायचो आणि कोणी रागवायचं नाही. आजीला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिच्या इथे सांडलेला कणही उचलून ठेवतात.

पण प्रोटेस्टंटांचं यावर एकमत आहे असं समजायला नको. १५२९ साली मारबुर्गला लूथर आणि झुरिचचा झ्विंगली याच भाकरीवरून भेटले आणि तुटले. झ्विंगली म्हणे, ही आठवण आहे. लूथर म्हणे, ख्रिस्त इथे खरोखर आहे. भाकर बदलते कशी याचं रोमने दिलेलं स्पष्टीकरण लूथरला मान्य नव्हतं, पण असण्यापुरता तो माझ्या आजीच्या बाजूला होता. आणि आत्याने मनुकांचा रस गाळताना जी काळजी घेतली, ती नुसत्या आठवणीची मला तरी कधी वाटली नाही. कॅथलिकांचे संस्कार सात, प्रोटेस्टंटांचे दोन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. यादीतला हा फरक मोठा आहे खरा. पण लग्न, दीक्षा, आजाऱ्यासाठी प्रार्थना ही आजोबांच्या देवळातही होतच होती. तिथल्या पाळकांना बायकामुलं असत आणि पाळकीणबाई अर्धी मंडळी सांभाळत. गासला ज्या घरातला मुलगा फादर होई, त्या घराला गावात वेगळा मान. एकीकडे सेवा संसारातून, दुसरीकडे संसार सोडून, आणि दोन्हीकडे मी निष्ठेने खपणारी माणसं पाहिली आहेत.

आजोबा वारले ते पावसाळ्यात. वडाळ्याला माती दिली, भजनं म्हटली, पाळकसाहेबांनी पुनरुत्थानावर वचन सांगितलं. प्रार्थना झाली ती मागे राहिलेल्यांसाठी. आजोबांसाठी नाही, कारण त्यांचा हिशेब आता देवाकडे आणि तो कृपेने मिटलेला. त्यात माणसाने काय भर घालायची?

गासला आजीने त्यांच्या नावाने मिस्सा सांगितली. पाकिटात पैसे घालून फादरकडे दिले, चर्चमध्ये मृतांच्या यादीत आजोबांचं नाव वाचलं गेलं, आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तिने त्यांच्यासाठी मेणबत्ती लावली. वडिलांना कळलं तेव्हा ते फार दुखावले. त्यांच्या मनात काय उठलं असेल ते मी आता समजू शकते. १५१७ च्या ३१ ऑक्टोबरला विटेनबर्गमध्ये लूथरने जे पंच्याण्णव मुद्दे मांडले, त्यांची सुरुवातच इथून होती. रोममधलं संत पीटरचं देऊळ बांधायला पैसा हवा, म्हणून टेट्झेल नावाचा साधू शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी आत्मे शुद्ध होतात त्या जागी, असलेल्या आत्म्यांच्या सुटकेची क्षमापत्रं विकत होता. मेलेल्या आईबापांवरच्या मायेचा हा धंदा झाला होता, आणि लूथर उसळला तो त्यावर. कॅथलिक चर्चनेही पुढे ट्रेंटच्या काळात ती विक्री बंद केली. पण शुद्धिस्थान आणि मृतांसाठी प्रार्थना ठेवली.

वडील फादरकडे गेले. फादरनी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय काढून दाखवला. यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या माणसांसाठी पैसे गोळा करून यरुशलेमला अर्पण पाठवतो, त्यांच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून. वडिलांनी घरी येऊन आजोबांचं बायबल उघडलं. त्यात ते पुस्तकच नव्हतं. कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलात सहासष्ट. मक्काबींची दोन्ही त्या गळालेल्या सातांतली. लूथरने १५३४ च्या बायबलात ती वेगळी काढून ठेवली होती, वाचायला चांगली पण शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत म्हणून. आईने मला हे सांगितलं तेव्हा म्हणाली, "तुझे पप्पा तासभर नुसते त्या जुन्या कराराच्या शेवटच्या पानावर बोट ठेवून बसले होते."

मग ते गासला गेले आणि आजीला सरळ विचारलं, "आजोबांना हे चाललं असतं का?" आजी म्हणाली, "नसतं चाललं. पण ते गासला यायचे तेव्हा माझ्या हातचं खायचे. आता जेवायला घालता येत नाही, मग मी काय करू?" वडील आमच्याकडे येऊन एवढंच म्हणाले, की मिस्सा चालू राहू दे. त्यांचं मत बदललं नव्हतं. ते शेवटपर्यंत मृतांसाठी प्रार्थना करत नसत, आणि २ नोव्हेंबरला आजीला कबरस्तानात घेऊन जायचे.

आईवडिलांचं लग्न ठरण्याच्या सुमारास, आजोबा हयात असताना, त्यांची मंडळीही बदलली होती. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा प्रोटेस्टंट मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी झाली. झगेवाले अँग्लिकन आणि बिनझग्याचे काँग्रिगेशनल एका बिशपाखाली आले. ज्या गावांत मिशनांनी माणसं एकमेकांच्या पानातून उठवली होती, तिथल्या आजोबांना हे फार मोठं वाटलं. गासला मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली होती. आजीला सगळी लॅटिन उत्तरं कानाने पाठ होती, ती जाणार म्हणून ती हळहळली. आजोबा म्हणाले होते, "लूथरने हेच मागितलं होतं. साडेचारशे वर्षं लागली." त्यांना तेव्हा हे ठाऊक नव्हतं, की थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्येच गोव्यात 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापून दिलं होतं, अमेरिकन मिशनच्या दोनशे वर्षं आधी. नंतर १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांच्या भाषेविरुद्ध फर्मान काढलं आणि ती वाट बुजली. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला साध्या मराठीत बायबल केलं, आश्रमातल्या मुलींनी ते जुळवलं आणि छापलं. आणि आमच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' दिलं. रमाबाई अँग्लिकनांत बाप्तिस्मा घेऊनही कोणत्याच पंथाच्या चौकटीत न मावलेल्या, दिब्रिटो कॅथलिक धर्मगुरू. आत्याच्या कपाटात आज दोन्ही शेजारी आहेत.

३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गला लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका घोषणापत्रावर सह्या केल्या: माणूस तरतो तो देवाच्या कृपेने, स्वतःच्या पुण्याने नव्हे. पुढे मेथडिस्ट, अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस स्वीडनमध्ये लुंडला गेले आणि लूथरनांबरोबर प्रार्थनेला उभे राहिले. ज्या प्रश्नावर युरोप फुटला, त्यावर एवढं एकमत झालेलं पाहायला माझे आजी-आजोबा राहिले नाहीत, याची मला चुटपूट आहे. भाकर मात्र अजून एक नाही. माझे वडील चाळीस-एक वर्षं आईशेजारी बाकावर बसले, आणि ती उठून पुढे जायची तेव्हा गुडघे वळवून तिला वाट द्यायचे. याचं उत्तर धर्मशास्त्र्यांनी लवकर काढावं, असं मला मनापासून वाटतं.

आत्या आता श्रीरामपूरला राहते. दरवर्षी सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, मारियेच्या जन्मदिनाची. नगर, नाशिक, मराठवाड्यातून लोक पायी येतात, त्यात कॅथलिक असतात, प्रोटेस्टंट आणि हिंदूही असतात. आत्याच्या शेजारणी कॅथलिक, त्या चालत जातात. गेली काही वर्षं आत्याही त्यांच्याबरोबर भाकरी-ठेचा बांधून निघते. ती नवस बोलत नाही, मेणबत्ती लावत नाही. मंडळीत कुजबुज झाली, आणि पाळकसाहेबांनी घरी येऊन विचारलं, "बाई, तुम्ही मतमाउलीला जाता म्हणे?" आत्याने टेबलावरचं बायबल त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "लूक, पहिला अध्याय. सगळ्या पिढ्या मला धन्य म्हणतील, असं मारिया स्वतः म्हणते की नाही? सगळ्या म्हणजे आपणही आलो." लूथरने १५२१ साली मारियेच्या याच गीतावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात तिला मानानेच वागवलं, हे तिला मी नंतर सांगितलं. तिला त्याचं विशेष वाटलं नाही. तिला लूक पुरला होता.

पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी त्याच अध्यायावर उपदेश केला. यंदा पाळकीणबाई आत्याबरोबर हरेगावला जाऊन आल्या.